फाटी आधी, मशीन मग

बयो, परवा फोनवर विचारलंस, "काका, बॅटरीवरची चेनसॉ घेऊ का, आणि घेतली तर कुठली?" तेव्हा म्हटलं, सावकाश सांगतो. दोन वाक्यांत सांगून उरकावं असं हे काम नाही. शिवाय दुकानात तुला जे ऐकवतील, त्याच्या आधी माझं ऐकून ठेवलंस तर बरं. चाळीस वर्षं मी दरसाल आगोटीची फाटी, म्हणजे पावसाळ्यासाठीचं जळण, करतोय. सुरुवातीला कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत, मग पंधराएक वर्षं पेट्रोलची मशीन, आणि गेली चार वर्षं बॅटरीची. तिन्हींनी मला काही ना काही शिकवलंय, ते तुझ्याकडे जायला हवं.

पहिलं काम दुकानात नाही, तुझ्या परसात आहे. टेप घे आणि पडवीत रचलेली लाकडं मोज. जाडी किती, हे बघ. मग तुझी चूल मोज, बंबाचं तोंड मोज. आपल्या चुलीला हातभर लांबीचं लाकूड चालतं, बंबाला मात्र वीतभराची खांडकीच लागते. म्हणजे एकाच फांदीचे बंबासाठी दुप्पट काप. बायकांच्या हातून रोज किती काप होतात हे घरातले पुरुष कधी मोजत नाहीत. तुझ्या काकूने मोजले होते, म्हणून मला कळलं. आमच्या घरात दहातली नऊ लाकडं मनगटापासून मांडीइतकी जाड, म्हणजे फार तर सहा-सात इंच. तुझ्याकडेही याहून वेगळं नसणार. अशा लाकडाला बारा इंचांचा बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, भरपूर झाला. फार तर चौदा. दुकानदार सोळा-अठराची दाखवील, मोठी दिसते म्हणून मन तिकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. बार लांब झाला की चेन लांब, वजन जास्त, मोटरवर ताण जास्त, बॅटरी लवकर संपते, आणि टोक कुठे टेकतंय ते दिसत नाही.

मग वर्षातून एखादा आंब्याचा दोन फुटी बुंधा पडला तर? त्याला पेट्रोलवाला बोलव, त्याची मजुरी दे, चहा दे. एका बुंध्यासाठी वर्षभर जड मशीन उचलू नये.

लाकूड कुठलं, तेही बघ. रायवळ आंबा, शिवण, काजू ही मऊ. सामाजिक वनीकरणात लावलेला अकेशिया त्याहून कठीण. आणि समुद्राकडचा सुरू किंवा वाळून गेलेला ऐन हा तर लोखंडच. सुकलेल्या सुरूला माझी बॅटरी जेवढे काप देते, त्याच्या दीडपटीहून जास्त ती ओल्या आंब्याला देते. म्हणून काम वैशाखावर ढकलू नकोस. दिवाळी झाली, भातं घरात आली, की कार्तिक-मार्गशीर्षातच ओलं असताना कापायचं, फोडायचं आणि उन्हात उघडं रचायचं. ओलं लाकूड कापायला सोपं, फोडलेलं सुकायला सोपं. होळीनंतर नुसतं पालथं करायचं, आणि रोहिणी लागायच्या आत पडवीत. लहान मशीन पुरते ती अशा वेळापत्रकाने.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तू नवीन आहेस. जमीन आपली, झाड आपलं, तरी उभं झाड विचारल्याशिवाय तोडायचं नाही. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर, चिंच, साग हे सगळे आहेत. परवानगी वनखात्याकडून घ्यायची. आपलं जळण छाटणीच्या फांद्या आणि वाळून पडलेलं यांतच भागतं.

आता बॅटरी. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दोन आकडे असतात: व्होल्ट आणि अँपिअर-तास. नुसता एक आकडा बघून काही कळत नाही. दोघांचा गुणाकार कर, म्हणजे बॅटरीत किती शिदोरी आहे ते कळतं. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॉट-तास. ३६ व्होल्ट आणि ४ म्हणजे १४४. काहींवर २० व्होल्ट लिहितात, काहींवर १८. ती एकच जात. आत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचा चालू दाब ३.६, म्हणून १८. नुकत्याच भरलेल्या सेलचा दाब चारच्या वर जातो, म्हणून २०. तसंच ३६ आणि ४० हेही एकच. बागेतल्या फांद्यांना १८ ची चालेल. चुलीच्या जळणाला मी ३६ चीच सांगेन, किंवा दोन १८ च्या बॅटऱ्या एकदम बसतात तशी. कठीण लाकडात १८ ची मोटर श्वास धरते, आणि तू नकळत दाबायला लागतेस.

तीन वर्षांपूर्वी मला एकाने हातात मावणारी सहा इंची मशीन भेट दिली. डब्यावर मोठ्या अक्षरात ८८ लिहिलेलं, आणि बाजूला व्होल्टचं चिन्ह. काजूच्या बोटाएवढ्या फांद्या तिने छान कापल्या. सुरूच्या मनगटाएवढ्या फांदीत अडकली ती अडकलीच, आणि बॅटरी इतकी तापली की हातात धरवेना. थंड झाल्यावर आमच्या वाडीतल्या इलेक्ट्रिशियनने ती उघडली. आत पाच सेल. म्हणजे अठरा व्होल्ट, अठ्ठ्याऐंशी नव्हे. त्या पाच सेलांवर ताण वाटून घेणारं, जास्त तापलं तर थांबवणारं सर्किटही नीट नव्हतं. त्या दिवसापासून मी डब्यावरचे आकडे वाचत नाही, बॅटरी तोलतो.

हा माझा खरा कानमंत्र, नीट ऐक. चांगल्या बनावटीची बॅटरी किलोला साधारण दीडशे वॉट-तासांच्या आसपास भरते. म्हणजे १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाची बॅटरी सव्वासहाशे ग्रॅमच्या जवळपास वजनाची हवी. ३६ व्होल्ट, ४ ची किलोभराची किंवा थोडी वरची. दुकानात किराण्याचा वजनकाटा असेल तर त्यावर ठेव, नसेल तर घरून स्वयंपाकातला ने. कोणी हसलं तर हसू दे. लिहिलेलं पाच आणि वजन तीनशे ग्रॅम, तर आत पाच अँपिअर-तास नाहीत. शक्तीला वजन असतं, ते लपवता येत नाही.

किती काप मिळतील, तेही विचारशील. माझी १४४ वॉट-तासांची बॅटरी अकेशियाच्या सहा इंची लाकडाचे चाळीसच्या आसपास काप देते, चेनला धार असेल तर. तेवढ्यात बंबाची आठवड्याची सोय होते. म्हणून दोन बॅटऱ्या घे. एक चालू, एक भरायला. कापून झाल्यावर तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नकोस, सावलीत अर्धा तास निवू दे. तापलेल्या अवस्थेत पुनःपुन्हा भरली की दोन वर्षांत ती म्हातारी होते. वीज म्हणशील तर एका युनिटमध्ये अशा पाच-सहा बॅटऱ्या भरतात, तिथे काटकसर करू नकोस.

घरात आधीच ड्रिल किंवा गवत कापायची बॅटरीची मशीन असेल, तर तिचीच बॅटरी बसेल अशी चेनसॉ बघ. बॅटरी आणि चार्जर मिळून बऱ्याचदा निम्मी किंमत होते. नुसती मशीन वेगळी मिळते. आणि बॅटरी कुठल्या गावात मिळेल, चिपळूणला की पुण्याला, हे आधीच विचारून ठेव. सर्व्हिसिंगवाला एसटीने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर असेल, तरच ती मशीन आपली.

मोटर ब्रशलेस हवी, हे विचारून घे. कार्बनच्या ब्रशवाल्या मोटरी तापतात, शक्ती खातात आणि झिजतात. ब्रशलेस थोडी महाग, पण त्याच बॅटरीत जास्त काम करते.

यापुढे जे सांगतोय, त्यात तडजोड नाही.

मशीनची मागची मूठ मागेच हवी. वरून एका हाताने धरायच्या मशीन येतात. दिसायला सुटसुटीत, हाताळायला हलक्या. त्या झाडावर दोराने चढणाऱ्या माणसांसाठी केलेल्या असतात. जमिनीवर उभ्या माणसाला त्यांचा मोह पडू नये. दोन्ही हात गुंतलेले हवेत, डावा पुढे, उजवा मागे, अंगठा मुठीखालून वळलेला.

पुढच्या मुठीपुढे एक ढाल असते. ती ब्रेक आहे. दुकानात बॅटरी लावून घे, मशीन टेबलावर ठेव, मनगटाने ती ढाल पुढे ढकल. 'खट्' असा आवाज आला पाहिजे. मग खटका दाब, चेन हलता कामा नये. ढाल मागे ओढ, खटका दाब, चेन फिरेल. सोड, चेन क्षणात थांबली पाहिजे. ज्या मशीनला ही ढाल फक्त शोभेची आहे, किंवा नाहीच, ती कितीही स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नकोस. चेन फिरताना बारच्या टोकाचा वरचा पाव भाग कशाला टेकला, की मशीन तोंडाकडे उसळते. माणसाला कळायच्या आत. ब्रेक त्या क्षणासाठी आहे.

वजन हातात घेऊन बघ. बॅटरी आणि तेल धरून चार ते पाच किलो, त्यापेक्षा जास्त नको. दुकानात दोन मिनिटं नाही, पाच मिनिटं धर, कंबरेच्या उंचीवर. हात थरथरला तर एक आकार खाली उतर. त्यात कमीपणा नाही. थकलेल्या हातात मशीन असू नये.

बॅटरीच्या मशीनचा आणखी एक धोका, जो पेट्रोलवाल्यांना माहीत नसतो. पेट्रोलची मशीन दोरी ओढल्याशिवाय उठत नाही आणि उठली की अख्ख्या वाडीला कळतं. ही गप्प असते. खटक्याला बोट लागलं की जागी होते. म्हणून चेन घट्ट करताना, भुसा काढताना, नुसती बघतानासुद्धा बॅटरी आधी काढून खिशात. दर वेळी. आणि आवाज कमी असल्यामुळे मुलं, कोंबड्या, शेजारची आजी जवळ येतात, त्यांना कळत नाही. कापायला लागण्याआधी मागे वळून बघायची सवय लाव. ओढणी नको, केस बांधलेले, पायात बूट, डोळ्यांना चष्मा. पायांना चेनपासून वाचवणारी जाड पँट मिळते, ती घे. पण तिच्यावर विसंबू नकोस. अशा पँटीतले धागे चेनमध्ये गुंतून पेट्रोलचं इंजिन बंद पाडतात, बॅटरीची मोटर तशी सहज बंद पडत नाही.

आता तू विचारशील, मग पेट्रोलचीच का नको? दोन कारणं. एक, ती मशीन रोजची सोबत मागते. लिटरला मोजून टू-टी तेल मिसळा, चार महिने ठेवली की कार्ब्युरेटर चोंदलेला. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं. आपल्या पावसाळ्यात ते टाकीत राहिलं की मशीन भाद्रपदात उठत नाही. दुसरं कारण, धूर आणि आवाज. पंधरा वर्षं मी कानात काही न घालता ती चालवली. आता काकू हाक मारते ती मला दुसऱ्यांदा ऐकू येते. तुझ्या कानांचं तसं होऊ नये.

तरीही एक बाजू पेट्रोलचीच आहे, आणि ती मी लपवणार नाही. ३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, सगळीकडे झाडं आडवी. आपल्या आगरात नारळ आणि सुपाऱ्या एकमेकींवर पडलेल्या, रस्त्यावर वड, विहिरीवर फणस. वाडीत वीज यायला महिना लागला. तेव्हा माझ्याकडे बॅटरीची मशीन असती, तर दुसऱ्या दिवशी ती गप्प झाली असती. म्हणून तू बॅटरीची घेतलीस तरी कुऱ्हाड आणि मोठ्या दातांची हातकरवत विकू नकोस, धार लावून खुंटीला ठेव. वादळाचा इशारा आला की दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भरून ठेव. पहिल्या दिवशी दारातली आणि रस्त्यातली फांदी हटली पाहिजे, बाकीचं मागाहून. आणि ताणाखाली वाकलेल्या झाडाला हात लावू नकोस. वादळात पडलेलं झाड स्प्रिंगसारखं असतं, काप गेला की कुठल्या बाजूला उडेल ते मलाही चाळीस वर्षांनी सांगता येत नाही. ते काम माणसं बोलावूनच.

चेन. लोक मशीनची चर्चा करतात, कापते मात्र चेन. तिच्या दाताची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका बुंध्यात भुंगेऱ्याची जाडजूड अळी लाकूड पोखरताना पाहिली. ती सरळ ओरबाडत नव्हती, डावीकडे-उजवीकडे करत, दोन जबड्यांनी लाकूड सोलत पुढे जात होती. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी चेन केली. आज तुझ्या-माझ्या मशीनवर त्याच जातीची चेन आहे. म्हणून दाताने लाकूड सोललं पाहिजे, घासता कामा नये. ओळखायचं कसं? खाली पडणारा भुसा चिमटीत घे. खोबऱ्याचा कीस असतो तसा पडत असेल तर धार आहे. नाचणीच्या पिठासारखा पडत असेल तर थांब. बोथट चेनने कापत राहिलीस, तर बॅटरी निम्म्या कामात संपते आणि दोष बॅटरीला जातो.

धार लावायला गोल कानस लागते. बारा-चौदा इंचांच्या मशीनवर जी बुटकी चेन असते तिला बहुतेक चार मिलिमीटरची. चेनच्या पाकिटावर जाडी लिहिलेली असते, ती बघून घे. बॅटरी काढ, बार ओंडक्यात पक्का कर. दाताच्या आतून बाहेर, एकाच दिशेने, तीस अंशांच्या तिरक्या खुणेवर तीन घासे. मागे आणताना कानस उचल. प्रत्येक दाताला सारखेच घासे. एका बाजूच्या दातांना तीन आणि दुसऱ्या बाजूच्यांना पाच दिलेस, तर चेन वाकडी कापत जाते, काप केळीच्या फण्यासारखा वळतो. प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो, तो दाताने किती खोल घ्यायचं ते ठरवतो. चार-पाच धारांनंतर सपाट कानशीने तो जरासा उतरवायचा, मापाच्या पट्टीने बघून. डोळ्यांच्या अंदाजाने जास्त उतरवलास तर मशीन लाकडात दणके मारते. आणि माती. एकदा जमिनीला टेकली की चेनची धार गेली. लाकूड घोड्यावर चढवल्याशिवाय कापायचंच नाही.

घोडा करायला सोपा. किंजळीची चार दांडकी, दोन फुल्या, मध्ये एक आडवं. उंची तुझ्या मांडीच्या वरपर्यंत. दोन्ही टोकांना टेकलेलं लाकूड मध्ये कापलंस तर काप वरून मिटतो आणि बार अडकतो. तिथे वरून एक तृतीयांश, मग खालून. टोक बाहेर लोंबतंय, तर आधी खालून थोडं, मग वरून. म्हणून मी नेहमी टोकच बाहेर ठेवतो, खांडकी आपोआप पडते.

तेलाची टाकी बॅटरी बदलताना दर वेळी बघ. बारसाठीचं चिकट तेल मिळतं, तेच घाल. गाडीचं काढलेलं काळं तेल नको, त्यात लोखंडाचा कीस असतो. गोडं तेल पावसाळाभर राहिलं की डिंकासारखं बसतं. तेल येतंय का ते बघायला टोक पुठ्ठ्यावर अर्ध्या वितीवर धर आणि खटका दाब. पुठ्ठ्यावर बारीक रेघ उमटली पाहिजे. फणस कापलास तर त्याच दिवशी बार काढून खाचेतला चीक रॉकेल लावलेल्या फडक्याने पूस. सुकला तर दगड होतो.

कामानंतर चेन थोडी सैल कर. गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आवळते. पावसाळ्यात मशीन माळ्यावर, पण बॅटऱ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटल्यांत येतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह. पूर्ण भरून नको, रिकाम्या नको, निम्म्या. पत्र्याखाली नको, चुलीजवळ नको. महिन्यातून एकदा काढून बघ, टोकांवर हिरवा थर आला असेल तर कोरड्या फडक्याने पूस.

रविवारी ये. सुरूचं एक लाकूड आणि आंब्याचं एक, दोन्ही घोड्याजवळ काढून ठेवतो. माझ्या मशीनवर दोन्ही कापून बघ, हाताला फरक कळेल. मग सोमवारी आपण दोघं दुकानात जाऊ. वजनकाटा मी घेईन.